तांड्याचा गूळ, माझी संमती

१४ जून २०२५, शनिवार

माझा मुलगा प्रेम मस्कतमध्ये आहे. आज ते पक्कं कळलं. लखीरामनं त्याला काल संध्याकाळी स्वतः पाहिलं, माझ्या नवऱ्याच्या, राजकुमारच्या खोलीखालच्या दुकानात, हातात दह्याचा डबा घेऊन उभा. लखीराम फुलसावंगीचा. राजकुमारच्याच कंपनीत क्रेन चालवतो, आणि खोटं रचण्याइतका तो कल्पक नाही.

"वहिनी, पोरगा चांगला हाय. केस बारीक कापले त्याचे. मले वळखलं त्यानं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी सांगतलं असं नोका सांगू कोनाले."

राजकुमार मे महिन्यात सुट्टीवर आला होता. प्रेमला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता फुलसावंगीला, आजोबांकडे नेतो म्हणाला. सहा वर्षांचं पोर, बाप वर्षातून एकदा-दोनदा येतो, मी कशाला अडवू? दोन वर्षं झाली मी माहेरी, बेलदरी तांड्यावर राहते आणि पुसदला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. आमचं भांडण आहे, काडीमोड नाही. गुरुवारी मी फुलसावंगीला गेले, तर सासूबाईंनी चहा दिला आणि "बापासंगं फिराले गेला" म्हणाल्या. कुठं, ते सांगितलं नाही.

फोन संपल्यावर याडी, माझी आई, रडायला लागली. बा उठून नळावर हात धुवायला गेला. नुकताच जेवून हात धुऊन बसला होता.

१६ जून, सोमवार

ठाण्यात अर्ज घेतला. हवालदार उद्धट नव्हते, खरोखर कोड्यात पडलेले दिसले. "सख्खा बापच घेऊन गेला ना ताई? मंग पळवलं कसं म्हनाचं?" तो प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला.

लॅबच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती आहे, बाईमाणसाला उत्पन्न न विचारता वकील देतात. दुपारी गेले. ॲडव्होकेट सलोनी गावंडे मिळाल्या. पुसदच्याच, शेतकऱ्याघरच्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. मला वाटलं होतं, नवरा कसा आहे, मारतो का, पितो का असं विचारतील. त्यांनी आधी विचारलं, "पोरगा राहत होता कोणाजवळ? शाळा कुठली? आजारी पडला तर दवाखान्यात कोण नेत होतं?" मला बरं वाटलं. लॅबमध्ये आम्हीही आधी विचारतो, नमुना कधी घेतला, उपाशीपोटी का. रोग काय ते नंतर.

त्यांनी रोज काय घडलं ते तारखेनिशी लिहून ठेवायला सांगितलंय. घरात आम्ही गोरबोली, बंजाऱ्यांची बोली, बोलतो, पण त्यांना वाचता यावं म्हणून मराठीत लिहायचं. त्यांच्यासाठी वेगळी वही केली आहे. ही माझी. हीसुद्धा मराठीतच, सवय लागावी म्हणून.

१८ जून, बुधवार

आज दीड तास नुसते प्रश्न विचारले. गावंडे मॅडम कंटाळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, असा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातल्या देशांमध्ये आईबापापैकी एकानं मूल असं नेलं तर परत मागवायची ठरलेली वाट असते. आपला देश त्या करारात नाही.

"मंग?"

"मंग आपली पायवाट."

पायवाट अशी. प्रेम पुसद तालुक्यात राहत होता, इथं शिकत होता, म्हणून त्याच्या ताब्याचा अर्ज इथल्याच कोर्टात. बाप कुठंही असो. दुसरीकडे मस्कतच्या आपल्या दूतावासाला कळवायचं. ते मुलाची खुशाली पाहू शकतात, बापाशी बोलू शकतात. पोराला उचलून आणून देऊ शकत नाहीत.

मी विचारलं, का नाही?

"दूतावास म्हणजे काय तुमच्या तांड्याचा नाईक आहे का, हाक मारली की सगळे हजर?"

"माझा बाच नाईक आहे," मी म्हणाले. त्या हसल्या, मग वहीत काहीतरी लिहिलं.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं कायद्यात आहे. प्रेम सहाचा. म्हणजे कोर्ट पाहणार त्याचं भलं कशात आहे ते. हे ऐकून आधी धीर आला आणि बसमध्ये बसल्यावर भीती वाटली. भलं कशात आहे हे दुसरं कोणीतरी नीट पाहील, आणि माझंच चुकीचं निघालं तर?

मॅडमनी पासपोर्टचं विचारलं. तो दोन वर्षांपूर्वी काढला होता, तिघांनी मिळून जायचं ठरलं तेव्हा. सही माझीच. नंतर मी नाही म्हटलं. तिथं खोलीत बसून नवऱ्याची वाट पाहायची, आणि इथं माझं शिक्षण, माझं काम. घरी आल्यावर बाला पेटी उघडायला लावली. माझा पासपोर्ट आहे, प्रेमचा नाही. पेटीची किल्ली बाच्या करदोट्याला असते, म्हणजे मे महिन्यात राजकुमारच्या हाती लागायचा प्रश्नच नाही. मागच्या दिवाळीत आला तेव्हाच पेटी उघडी सापडून त्यानं तो नेलेला असणार. बाला विचारलं, तर म्हणाला, "असंल."

२३ जून, सोमवार

अर्ज दाखल झाला. शपथपत्रावर सही करताना हात थांबला. 'अर्जदाराच्या संमतीशिवाय' असे शब्द होते. खरे आहेत. तरी मनात आलं, मी हे प्रेमसाठी करते की राजकुमारला दाखवून देण्यासाठी? दोन्ही असावं. किती टक्के कशाचं, हे मोजायचं यंत्र आमच्या लॅबमध्ये नाही.

शाळेतून बाईंचा फोन. वर्ग सुरू झाले, प्रेम का येत नाही. गावाला गेलाय म्हणाले.

बा माझ्यासोबत कोर्टात येत नाही. नाईक माणूस, तांड्याची भांडणं स्वतः मिटवणारा. दुसऱ्याच्या दारात उभं राहायची लाज वाटत असेल. आज न मागता बसभाडं हातात ठेवलं.

१ जुलै, मंगळवार

दूतावासाकडून उत्तर आलं. मूल ठीक आहे, भेटीच्या व्हिसावर आहे, वडिलांचं म्हणणं आईकडची संमती होती. 'आईची' नव्हे, 'आईकडची'. मी ते तीनदा वाचलं.

संध्याकाळी राजकुमारनं पहिल्यांदा फोन उचलला.

"कोणाला विचारून नेलंस त्याला?"

"तुह्या बापाले इचार. गूळ खाल्ला त्यानं. साऱ्या नसाबीसमोर."

नसाब म्हणजे आमच्या तांड्याची बैठक. भांडण असो, सोयरीक असो, तिथं बोलणं होतं, आणि ठरलं की गूळ फिरतो. ज्यानं खाल्ला त्याला ते मान्य. कागद नाही, सही नाही. गूळ खाऊन फिरलेल्या माणसाला कोणी पुढं मुलगी देत नाही. होळीनंतर सासरचे आले होते, नसाब बसली होती, हे मला माहीत होतं. मी लॅबमध्ये होते. असते तरी बसले नसते, बाया बसत नाहीत. त्या रात्री बा खुशीत होता. समेट झाला म्हणाला, पोरगा सुट्टीत बापाजवळ राहील म्हणाला.

आज विचारलं, "बा, गूळ कशाचा होता?"

"समेटाचा."

"प्रेमला मस्कतला न्यायचं बोलणं झालं होतं?"

"बोलनं तं लय झालं, बेटी."

याडी चुलीपासून म्हणाली, "सांगा ना तिले."

"काय सांगू?" म्हणत बा चपला घालून बाहेर गेला. फसवला बिचाऱ्याला. सुट्टी म्हणून गूळ चारला आणि आता संमती म्हणून मोजतात. मला राग आला तो देवसिंग मामाजींचा, माझ्या सासऱ्यांचा. मी याडीला म्हणाले, त्याला जास्त टोचू नको. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेड्यासारखं बोलले.

५ जुलै, शनिवार

मॅडमना गुळाचं सांगितलं. मला वाटलं, डोक्याला हात लावतील. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"थांबा. नसाबीत कोण कोण बसते?"

"नाईक, कारभारी, चार जाणती माणसं."

"बाईच्या पोराचा विषय असला तरी बाई नाही?"

"तिचा बाप असतो ना."

"आणि खाल्लेला गूळ परत घेता येतो का?"

हे मला ठाऊक नव्हतं. आजवर कोणी विचारलं नसावं.

"तुम्ही खाल्ला का?"

मी विचार करून खरं ते सांगितलं. त्या रात्री याडीनं माझ्या वाटणीचा खडा ताटलीत झाकून ठेवला होता. मी तो चहात टाकला.

मॅडम बराच वेळ हसत होत्या. "हे विचारल्याशिवाय सांगू नका बाप्पा. विचारलं तर मात्र खरं सांगा. चहासकट."

१८ जुलै, शुक्रवार

पहिली खरी सुनावणी. राजकुमारला नोटीस ईमेलवर गेली होती. त्याच्याकडून मामाजींनी महागावचे वकील दिले. वकील चांगले बोलले. समाजाची रूढी, ज्येष्ठांचा शब्द, बाप नैसर्गिक पालक. मामाजी मागच्या बाकावर फेटा सावरत होते. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. सवय.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "त्या बैठकीत मुलाची आई हजर होती का?"

"तिचे वडील स्वतः नाईक आहेत. त्यांनी..."

"आई हजर होती का?"

"नाही."

तेवढंच. पुढं अर्धा तास बोलणं झालं, पण माझ्या डोक्यात तो 'नाही' राहिला. इतका साधा प्रश्न. होळीनंतर तांड्यात तो एकालाही पडला नव्हता. मलासुद्धा नाही.

तात्पुरता हुकूम मिळाला. दर रविवारी व्हिडिओवर प्रेमशी बोलणं, त्याला आणखी कुठल्या देशात न्यायचं नाही, आणि ८ सप्टेंबरला कोर्टासमोर आणायचं.

२० जुलै, रविवार

पडद्यावर आधी त्याचं कपाळच दिसत होतं. मग सगळा तो. गाल भरलेत. दात पडलाय. मी नसताना पडला.

"याडी, वाहिद म्हणजे एक. इत्नेन म्हणजे दोन." चारपर्यंत म्हणून दाखवलं. समुद्र दाखवला, म्हणजे खिडकीतून एक निळी रेघ. मग खाट दाखवली. "ही तुझी. बापूनं आणली. मी तिच्यावर बसत नाही. तू कधी येतेस?"

"मी?"

"बापू म्हणाला, याडी मागून येणार."

मी इतके दिवस समजत होते, तो तिथं अडकलाय आणि घरी यायची वाट पाहतोय. तो तिथं बसून माझी वाट पाहतोय. दोन महिने. विचारलं, जेवलास का.

राजकुमार मागं तव्यावर काहीतरी करपवत होता. प्रेम खेळायला गेल्यावर पुढं आला. वाळलाय.

"मी पळवला नाई, जया. मले सांगतलं होतं का पोरगा आला का तू बी येशीन."

"कोणी सांगितलं?"

त्यानं तव्याकडे पाहिलं. "जाऊ दे. म्हातारे मानसं हायत."

सासूबाईंनी सांगितलं असणार. त्यांना मी तिकडं जावी असं पहिल्यापासून वाटतं.

बा दाराआड उभा राहून प्रेमचा आवाज ऐकत होता. पडद्यासमोर ये म्हटलं तर आला नाही. रात्री जेवला नाही. ही वही मॅडमना द्यायची नाही म्हणून लिहिते. जाऊ का मीच मस्कतला? एक क्षण मनात आलं. मग आलं, जायचं असेल तर मला कोणी विचारलेलं असेल आणि मी हो म्हटलेलं असेल, तेव्हाच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडम स्पष्ट बोलल्या. हुकूम इथं आहे, माणूस तिथं. नाही आला तर नागपूरला, हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊ, पासपोर्टवर कारवाई मागू. मिळेल, पण वेळ जाईल. आणि तेवढ्यात प्रेमची शाळा तिथं सुरू झाली, तर त्याचं भलं तिथंच आहे असं म्हणायला त्यांना जागा होईल.

"राजकुमारवर चालते कोणाची?"

"त्याच्या बापाची."

"आणि बापावर?"

"नसाबीची."

मॅडमनी पेन टेबलावर आपटत विचार केला. "ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवावी. कोर्टाचा हुकूम आपल्या हाती आहेच. नसाब बोलवा. पण या खेपेला तुम्ही बसा. आणि मला पाहायला येता येईल का? खरंच विचारते."

घरी बाला सांगितलं. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "मीच बोलावनार होतो."

१७ ऑगस्ट, रविवार

सेवालाल महाराजांच्या देवळासमोर नसाब बसली. स्वतःच्या घरचा विषय म्हणून बा नाईकाच्या जागेवर बसला नाही. ती कारभारी खेमसिंग काकांना दिली आणि स्वतः समोर, मामाजींच्या शेजारी बसला. मी सतरंजीच्या कडेला बसले. कुजबुज झाली. तेवढ्यात जमनाबाई, तांड्यातली सगळ्यात म्हातारी, काठी टेकत आली आणि माझ्याजवळ बसली. "मी बी इथंच बसतो. माह्ये गुडघे दुखते, उठवू नोका कोनी." कुजबुज थांबली.

मामाजी म्हणाले, "रूपसिंगभाऊ, आमी काही चोरी नाई केली. तुमीच म्हनले होते, पोरगा जाऊ द्या."

"म्हनलो होतो," बा म्हणाला.

"गूळ खाल्ला."

"खाल्ला. पन लेकराची माय तिथं नव्हती. तिच्या वाटचा गूळ मी खाल्ला, तो माहा नव्हता."

"हे आता सुचलं काय?"

"हो. आता सुचलं."

कोणी हसलं नाही. बाचा मोठेपणा मला आज कळला. फसवणूक समोरच्याची, तरी चारचौघांत व्याह्याचा अपमान नको म्हणून त्यानं सगळं स्वतःवर घेतलं. पुढंही काही बोलणार होता, "अन् आनखी एक..." असं सुरू केलं, पण खेमसिंग काकांनी मला विचारलं, "तुले काय म्हनाचं हाय, बेटी?" आणि ते राहिलं.

घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरले. म्हणाले, प्रेम बापाचाही आहे. सुट्टीत बापाकडे जाईल, मस्कतलासुद्धा. पण कोर्टात लिहून, आणि मला विचारून. मी मस्कतला राहायला जाणार नाही. हे मी राजकुमारला दोन वर्षांपूर्वी सांगितलंय. ज्यांनी त्याला वेगळं सांगितलं, त्यांनी त्याचंही नुकसान केलं. एकटा माणूस खाट विकत आणून बसलाय.

बा खाली पाहत होता.

मामाजींनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "राजकुमार, पोराले घेऊन ये. तारखेच्या आधी."

"बा, पन गूळ..."

"गुळाचं मी पाहतो. तू तिकीट पाह्य."

शेवटी चहा आला, आणि सवयीनं गुळाची ताटलीही. मॅडम इतका वेळ मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर गप्प बसल्या होत्या. ताटली समोर आल्यावर त्यांनी हात आखडला आणि मला विचारलं, "हा खाल्ला तर मी कशाकशाला हो म्हणते?" तेव्हा मात्र सगळे हसले, मामाजीसुद्धा. जमनाबाईनं खडा उचलून आधी माझ्या हातावर ठेवला. मी विचारलं, कशाचा? ती म्हणाली, "पोरगा वापस येन्याचा. इचारून खाय."

विचारून खाल्ला.

४ सप्टेंबर, गुरुवार

तिकिटं निघाली. मामाजींनी दुपारी सांगितलं, लखीरामनं मस्कतहून दुजोरा दिला. शनिवारी सकाळी विमान हैदराबादला उतरणार. पुसदहून नांदेडमार्गे तेच जवळ पडतं. मॅडमनी तिकिटांची प्रत कोर्टात दिली आणि मला बजावलं, "विमान उडाल्याचं कळेपर्यंत खरं धरू नका." मी धरत नाही. तरी प्रेमचा गणवेश धुतला. लांडा झाला असेल.

सोमवारी न्यायाधीश बाई त्याच्याशी आपल्या खोलीत एकट्याच बोलतील. तो काय सांगेल ते कोणालाच माहीत नाही. ताबा कोणाकडे, सुट्ट्या कशा, हे सगळं अजून ठरायचंय. बाचीही साक्ष होईल. मॅडम म्हणाल्या, होळीपासून मे महिन्यापर्यंत जे घडलं ते त्यानं जसंच्या तसं सांगायचं, काही लपवायचं नाही, नातवानं घर सोडलं त्या दिवसाचंसुद्धा. मी बाला हे सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.

मला भीती कोर्टाची नाही. प्रेम गाडीत बसल्यावर विचारेल, तू मागून का आली नाहीस? तो खाट राखून बसला होता.

उद्या संध्याकाळी निघायचं. खेमसिंग काकांची गाडी. याडीनं भाकरी आणि ठेचा बांधून देते म्हणून सांगितलंय. बाही येतोय. गुडघ्यांचा त्रास असताना एवढा लांबचा प्रवास कशाला, मी म्हणाले, पोरगा इथं येणारच आहे ना.

"तुह्याशी बोलाचं हाय," बा म्हणाला.

"मग बोल ना आत्ता."

त्यानं याडीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हलकेच मान डोलावताना दिसली.

"आता नाई. उद्या गाडीत बोलू. जातानाच बोलू, बेटी. येताना पोरगा असंल."

साक्षीत काय सांगायचं ते विचारायचं असेल. बरं म्हणाले. हैदराबादपर्यंत रस्ता लांब आहे.